पाच पेडलांची गाडी

मित्रांनो, साध्या गाडीला पायाशी तीन पेडल असतात. क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. मला पाच आहेत. तीन चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दोन शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी. यावरून तुम्ही ओळखले असेल, मी शिकवणीची गाडी आहे. माझे वय एकतीस. आमच्यात हे चांगलेच म्हातारपण समजतात. माझी दारे आपटल्याशिवाय लागत नाहीत आणि थंडीत मी पहिल्या किल्लीला क्वचितच जागी होते. पण माझ्या मागच्या सीटवर बसून एक मुलगी लेखिका झाली. तिची पुस्तके तुमच्याच वयाची मुले वाचतात. त्यातले एक पान एकदा फार महागात पडले. ती सारी हकीकत मी जवळून पाहिली आहे, म्हणून सांगते.

कारखान्यातून मी पांढरी शुभ्र बाहेर पडले. माझ्यासारख्याच चौदाजणी एका लांबलचक ट्रकवर चढवलेल्या होत्या. वाटेत आमच्यात एकच विषय होता, कोण कुणाच्या घरी जाणार. मला लांबच्या रस्त्याची हौस होती. घाट चढावेत, समुद्र बघावा, असे काहीबाही मनात होते. प्रत्यक्षात मला उतरवले एका अरुंद रस्त्यावरच्या दुकानासमोर. दुकानाच्या पुढच्या खोलीत ड्रायव्हिंग स्कूल होते आणि मागच्या खोलीत गाड्यांची सीट-कव्हरे शिवण्याचे काम चाले. पुढची खोली मामांची, मागची त्यांच्या बहिणीची. दुसऱ्याच दिवशी एका वेल्डरने माझ्या शेजारच्या सीटपुढची चटई उचलली, पत्र्याला भोके पाडली आणि दोन जादा पेडल बसवली. टपावर पाटी चढली, ‘शिकाऊ’.

खरे सांगते, मला फार वाईट वाटले. इतर गाड्या भुर्रकन निघून जायच्या आणि मी वीसच्या वेगाने त्याच चार गल्ल्यांना चकरा मारायचे. दिवसातून चाळीस वेळा बंद पडायचे. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून डोके उठवायचे. पण मामांचा जीव कधी वर-खाली झाला नाही. अंगाने ते काडी पैलवान, आणि त्यांच्या खिशात कायम खडू असे. शिकणारा चुकला, की ते ओरडत नसत. खाली उतरून जमिनीवर खडूने चाकांची वाट काढून दाखवत आणि म्हणत, “असं जायचंय. आपण असे गेलो. फरक बघा.”

मामांची भाची तेव्हा बारा वर्षांची होती. वडील बोटीवर नोकरीला, वर्षातून महिनाभर घरी. शाळा सुटली की ती दुकानात येई, आणि आईच्या शिलाई मशीनच्या खडखडाटात अभ्यास होत नाही म्हणून माझ्या मागच्या सीटवर दप्तर टाके. मामांनी तिला एकच अट घातली होती. शिकवणी चालू असताना मागून आवाज येता कामा नये. तिने ही अट इतकी मनावर घेतली, की शेजारच्या गॅरेजवाल्याने तिचे नाव ‘सायलेन्सर’ ठेवले. ते नाव असे चिकटले, की शाळेतल्या बाईंनी एकदा हजेरी घेताना तेच पुकारले आणि ही ‘हजर’ म्हणून मोकळी झाली.

मित्रांनो, रस्त्यावर डोळे लावून बसलेली माणसे फार मोकळेपणाने बोलतात. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचे नसते ना, म्हणून. इस्पितळातली एक नर्स होती. घरी कुणाला न सांगता ती शिकायला येई आणि स्टिअरिंग घट्ट धरून घरातल्या एकेकाची तक्रार करी. अठरा पूर्ण होऊन तीन दिवस झालेला एक मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, “मामा, मला सगळं येतं,” आणि त्याने स्टार्टरऐवजी वायपर चालू केला. मागच्या सीटवरची सायलेन्सर हे सगळे ऐके. घरी जाईपर्यंत तिच्या भूगोलाच्या वहीची शेवटची पाने भरलेली असत.

रविवारी सकाळी मामा तिला घेऊन बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात जात. सिमेंटचे मोठे, सपाट आवार होते ते. गावातली गाडीवेडी माणसे तिथे जमत. कुणी जुनी उघड्या टपाची गाडी चिंधीने तासन्‌तास पुसत बसे. कुणी चाके रुंद केलेली, तर कुणी गाडी इतकी खाली बसवलेली, की खड्ड्यापाशी स्वतः उतरून तिला हाताने धरून न्यावी असे वाटे. दोघे जुळे भाऊ तर आपल्या गाडीचा आवाज जास्तीत जास्त मोठा कसा होईल, एवढ्याच विचारात असत. बॉनेट उघडी, चहाचे पेले मडगार्डवर, आणि वाद असे रंगत की ज्याचे नाव ते. आमची नर्सही आता तिथे येई. स्वतःच्या जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर ती स्वतः खोलून साफ करी, आणि हात काळे झाले की सगळ्या पुरुषांना दाखवी. सायलेन्सर डोळे मिटून बसे आणि नुसत्या आवाजावरून सांगे, कोण आले.

सोळाव्या वर्षी तिने पहिली गोष्ट लिहिली. लायसन्सच्या परीक्षेला आलेल्या गाड्यांची भली मोठी रांग होती, आणि त्या रांगेत, माझ्यातच बसून, तिने ती मामांना वाचून दाखवली. एक मुलगी गाडी घेऊन घरातून पळते, अशी ती गोष्ट. मामांनी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले,

“पोरगी पळाली हे पटलं. पण गाडी उभी होती ना?”

“हो.”

“मग चौथ्या गिअरमध्ये कशी उठली? तुझी गोष्ट तिथेच बंद पडली बघ.”

ती आधी रुसली, मग हसली, मग खोडरबर काढले. त्या दिवसापासून ती लिहिलेले सगळे आधी मामांना ऐकवू लागली.

बाविसाव्या वर्षी ती स्वतः माझ्या शेजारच्या सीटवर बसून शिकवू लागली. सकाळी शिकवणी, दुपारी लिखाण. लिहायला तिला टेबल लागत नसे. मला झाडाखाली उभी करायची, चारही काचा खाली घ्यायच्या आणि वही स्टिअरिंगवर टेकवायची. पहिली कादंबरी पुरी व्हायला चार वर्षे लागली. ‘तिसरा गिअर’ तिचे नाव. त्या रविवारच्या आवारातल्या मुलामुलींची ती गोष्ट होती. तीन प्रकाशकांनी ती साभार परत केली. एकाने लिहिले, मुलांना गाड्या आवडतात हे ठीक, पण गोष्टीत गाडी मुलगी का चालवते? ते पत्र आईने वाचले, सीट-कव्हरच्या कापडातून एक पट्टी फाडली, हस्तलिखित त्यात घट्ट बांधले आणि म्हणाली, “पाठव चौथ्याला. आपल्याकडे दोऱ्याला कमी नाही.”

चौथ्या ठिकाणच्या संपादक बाईंना गाडीतले ओ की ठो कळत नव्हते. त्यांनी कळवले, की बसथांब्यावर हस्तलिखित वाचायला घेतले आणि त्या नादात दोन बस चुकवल्या.

पुस्तक निघाले. आणि मित्रांनो, काय सांगू! चौदा ते अठरा वर्षांची पोरे दुकानासमोर घोळक्याने येऊ लागली. पत्रांची पोती आली म्हटले तर खोटे होईल, पण पोस्टमनने दुकानाला वेगळी पिशवी मात्र केली. माझा फोटो पेपरात छापून आला, ‘हीच ती गाडी’ म्हणून. रंगाऱ्याने मला नवा हात दिला. मी आरशात स्वतःला बघायला लागले होते, इतकी चढले होते.

मग दुसरे पुस्तक आले, मग तिसरे. लोकांना आणखी वेग हवा होता, प्रकाशकांनाही हवा होता, आणि तिलाही तो आवडू लागला होता. तिने एक लाल, झेपावणारी गाडी घेतली. मामांचे गुडघे दुखू लागले, शिकवण्या कमी होत होत थांबल्या. एके दिवशी दुकानाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत मला उभी करून वर ताडपत्री टाकली. “थोड्या दिवसांपुरती,” असे सायलेन्सर म्हणाली. ती खोटे बोलली नाही. तिला तसेच वाटले होते. पण त्या थोड्या दिवसांची पाच वर्षे झाली. टायर बसले, बॅटरी मेली, एअर फिल्टरमध्ये उंदरांनी संसार थाटला. ताडपत्रीच्या एका भोकातून थोडेफार दिसे, बाकी मला नुसते आवाज ऐकू येत. शिलाई मशीन, लाल गाडीचे येणे-जाणे, आणि कधी कधी मामांचे वाचन.

पाचव्या कादंबरीच्या वेळी मामा माझ्या बॉनेटला टेकून उभे होते. एकशे बाराव्या पानावर ते थांबले.

“ओल्या जमिनीवर, ऐंशीच्या वेगात, हँडब्रेक ओढून गाडी वळवते ही? आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबते?”

“हो. मस्त झालंय ना ते?”

“असं होत नाही.”

“मामा, गोष्ट आहे ती.”

“गोष्ट आहे. पण वाचणाऱ्याच्या हातात नवं लायसन्स आहे.”

ती हसली आणि विषय बदलला. पुस्तक तसेच छापले गेले. ते सगळ्यांत जास्त खपले.

सहा-सात महिन्यांनी एका दुपारी एक गृहस्थ दुकानात आले. खाकी कपडे, छातीवर बिल्ला. ते शहरातली बस चालवत. त्यांच्या हातात ते पुस्तक होते, एका पानाचा कोपरा दुमडलेला. आईने पुढे केलेले पाणी त्यांनी घेतले नाही. सायलेन्सर बाहेर आली, आणि दोघे नेमके माझ्याजवळच उभे राहिले.

“बाई, हे पान तुम्हीच लिहिलंय?”

“हो.”

“चालवून बघितलं होतं का?”

तिने त्या दुमडलेल्या पानाकडे पाहिले.

“माझ्या मुलीने बघितलं,” ते म्हणाले. “परवा. तुम्ही लिहिलंय त्याच आवारात, भावाची गाडी घेऊन. अठरा वर्षांची आहे. पाय दोन ठिकाणी मोडलाय.” ते ओरडत नव्हते. ओरडले असते तर बरे झाले असते. “मी एकोणतीस वर्षं बस चालवतो. अजून कुणाला खरचटलं नाही. पोरगी माझ्या मागच्या सीटवर बसून मोठी झाली. पण गाडी कशी वळते, हे तिने मला नाही विचारलं. तुमच्या पुस्तकाला विचारलं.”

पुस्तक माझ्या बॉनेटवर, ताडपत्रीवरच ठेवून ते निघून गेले.

सायलेन्सर त्याच संध्याकाळी इस्पितळात गेली. परत आली तेव्हा मामा पायरीवर बसले होते. ती त्यांच्याजवळ बसली. मग म्हणाली, “मला वाटलं होतं, ती मला हाकलून देईल. तिने मला काय विचारलं माहितीये? ‘ताई, मी हँडब्रेक उशिरा ओढला का? पुस्तकात बरोबर आहे, माझंच काहीतरी चुकलं.’ मामा, ती स्वतःला दोष देत बसलीये. आणि मी तिला ठामपणे नाहीसुद्धा म्हणू शकले नाही. कारण मला माहीतच नाही.”

मामा म्हणाले, “मग माहीत करून घे.”

दुसऱ्या दिवशी माझ्यावरची ताडपत्री निघाली. पाच वर्षांनी डोळ्यांवर ऊन आले. मला वाटले, ती लाल गाडीतूनच जाईल. पण मामांनी बजावले होते, की आपण शेजारी बसणार आणि आपल्या पायाशी ब्रेक हवा. तो फक्त माझ्याकडे होता. आठवडाभर गॅरेजवाला आणि ती माझ्याशी झटत होते. उंदरांना घर सोडावे लागले. टायर नवे, बॅटरी नवी, ब्रेकच्या नळ्या नव्या. आईने सीटची उसवलेली शिवण नीट केली. मी खोकत, धूर सोडत सुरू झाले, तेव्हा गॅरेजवाल्याने माझ्या टपावर थाप मारली.

आम्ही कारखान्याच्या आवारात गेलो, त्या सकाळी पाऊस पडून गेला होता. आवार ओले होते. भिंतीवर, दुरूनही दिसेल असा, त्या मुलीच्या गाडीच्या रंगाचा ओरखडा होता. मामा लंगडत खाली उतरले आणि भिंतीपासून खूप दूर, आवाराच्या मध्यावर, दगडांनी एक खूण केली. “इथे भिंत आहे असं समज,” ते म्हणाले. “आणि ऐंशी नाही, पस्तीसने जायचं.”

सायलेन्सरने पट्टा आवळला. मी वेग घेतला. पस्तीसला तिने पुस्तकात लिहिल्याप्रमाणे स्टिअरिंग फिरवले आणि हँडब्रेक ओढला.

मित्रांनो, माझी मागची चाके जागच्या जागी थिजली आणि पायाखालची जमीनच गेली. मी वळले नाही. मी भिरभिरले. तिच्या हातातले स्टिअरिंग कुणाचेच नव्हते. मामांनी पाय पूर्ण दाबला, तरी मी दीड गिरकी घेऊन, दगडांच्या खुणेच्या कितीतरी पलीकडे जाऊन, शेपटी पुढे करून बंद पडले. धक्क्यात हात लागून सुरू झालेले वायपर फिरत राहिले.

“पान खोटं आहे,” सायलेन्सर म्हणाली.

ती तशीच इस्पितळात गेली आणि त्या मुलीला सांगितले, “तुझी काही चूक नव्हती. पान खोटं होतं. मी आत्ता करून बघितलं.” मुलगी म्हणाली, “माहीत नव्हतं, तर लिहिलं कशाला?” आणि तिने तोंड फिरवले ते फिरवलेच.

सायलेन्सरने संपादक बाईंना गाठले. पुढच्या आवृत्तीत एकशे बारावे पान बदलले गेले, आणि पहिल्या पानावर तिने स्वतःच्या नावाने लिहिले, की आधीच्या आवृत्तीतले वळण मी न अनुभवता लिहिले होते, ते धोक्याचे आहे, कृपा करून कुणी करू नये. तिने लाल गाडी विकली. आणि लिहिणे थांबवले. वर्ष गेले, वरचे सहा महिनेही गेले. पत्रे येत, ती उत्तरे लिही, पण नवी ओळ लिहीत नसे. तिने शिकवण्या मात्र पुन्हा सुरू केल्या. मी पुन्हा वीसच्या वेगाने गल्ल्या फिरू लागले, आणि आता मला त्याचे काही वाटत नव्हते.

एके सकाळी दुकानासमोर ती मुलगी उभी राहिली. एका पायाने किंचित लंगडत होती. मागे खाकी कपड्यातले वडील.

“मला शिकायचंय,” ती सायलेन्सरला म्हणाली. “मी अजून रागावलेली आहे. पण मला कुठल्याच गाडीत पुढे बसवत नाही. बाबांच्या बसमध्येसुद्धा मी मागच्या दारापाशी उभी असते. कॉलेजला चालत जाते. मला याचा कंटाळा आलाय.”

“दुसरं स्कूल बघून देऊ?” सायलेन्सरने विचारले.

“नको. पान खोटं आहे हे मला दुसरं कुणी सांगितलं नसतं.”

वडिलांची एकच अट होती. ते मागे बसणार.

पहिले चार दिवस आम्ही जागचे हललोही नाही. लेक स्टिअरिंगमागे बसे, पट्टा लावी, आरसा नीट करी, आणि तिचा पाय क्लचवर थडथड उडू लागे. सायलेन्सर म्हणे, “झालं आजचं. उद्या या.” पाचव्या दिवशी मी दुकानापासून कोपऱ्यापर्यंत गेले. कोपऱ्यावर बंद पडले. मागून हॉर्न वाजले. लेकीने मागे वळून वडिलांकडे पाहिले. तीस वर्षांचा अनुभव मागच्या सीटवर गुडघे आवळून बसला होता. ते म्हणाले, “वाजवू दे त्यांना. मला रोज वाजवतात.”

तिसऱ्या आठवड्यात एका गल्लीतून पाण्याचा टँकर अचानक मागे आला. सायलेन्सरचा पाय तिच्या ब्रेकवर गेला होता, मला त्याचा स्पर्श जाणवला. पण तिने दाबला नाही. लेकीने दाबला. वेळेवर, सरळ, स्टिअरिंग न हलवता. मी टँकरपासून दोन हात अंतरावर थांबले. मग मागून वडिलांनी खोकल्यासारखे केले आणि म्हणाले, “ठीक.” लेक नंतर म्हणाली, की बाबांच्या तोंडून याहून मोठे कौतुक तिने ऐकलेले नाही.

शिकवणी संपली की वडील बसवर जात, आणि लेक झाडाखाली माझ्यात बसून चहा घेई. एकदा तिने पाहिले, की सायलेन्सर वहीत काहीतरी खरडते आहे.

“माझ्याबद्दल लिहिताय?”

“नाही,” सायलेन्सर म्हणाली, आणि मग, “हो. बंद करू?”

लेकीने विचार केला. “घाबरलेल्या मुलीचं पुस्तक मी खूप शोधलं. सगळीकडे सगळ्या शूरच असतात. लिहा. पण प्रत्येक पान आधी मला दाखवायचं. आणि गाडीचं काहीही लिहिलंत, तर आधी हिच्यावर करून बघायचं.” हिच्यावर म्हणजे माझ्यावर.

पुढचे दीड वर्ष या वयात माझ्याकडून जेवढे काम करून घेतले, तेवढे तरुणपणीही कुणी घेतले नव्हते. चढावर थांबून पुन्हा निघायचे, ते तेवीस वेळा. भर उन्हात दोन गाड्यांच्या मधे शिरायचे, ते मोजलेच नाही. मामा मागच्या सीटवर खडू आणि वही घेऊन बसत आणि लेक बाहेर उभी राहून ओरडे, “ताई, लिहिलंय ‘अलगद’! हे अलगद नव्हतं!” मग ‘अलगद’ खोडले जाई.

कादंबरीचे नाव ‘शिकाऊ’. संपादक बाईंनी हस्तलिखित वाचून विचारले, “यात पाठलाग कुठे आहे?”

“पाठलाग नाही,” सायलेन्सर म्हणाली. “एकदा गाडी मागे घेताना खांबाला लागते.”

बाईंनी हस्तलिखिताची पाने पुन्हा चाळली. मग म्हणाल्या, “त्या खांबापाशी वाचताना माझी पुन्हा एक बस चुकली. छापू या.”

पहिल्या वर्षी पुस्तक फार खपले नाही. रविवारच्या जुळ्या भावांनी तर तोंडावर सांगितले, “सायलेन्सर, जरा हळू झालंय गं.” पण एका शाळेच्या ग्रंथपालाने चाळीस प्रती मागवल्या, मग दुसऱ्या शाळेने, आणि पत्रांना वेगळाच सूर आला. आधीच्या पत्रांत मुले विचारत, पुढच्या भागात कोण जिंकणार. आता ती लिहीत, मलाही पोहायला भीती वाटते. मलाही वर्गात बोलता येत नाही. तुमच्या नायिकेची गाडी अकरा वेळा बंद पडली, हे वाचून मला बरे वाटले. ‘शिकाऊ’ची आता सहावी आवृत्ती आहे, आणि त्यानंतर तिने आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या. वेग त्यांतही आहे. तिला तो अजून आवडतो, आणि का आवडू नये? एका कादंबरीत शर्यतसुद्धा आहे. ती लिहिण्यापूर्वी तिने खऱ्या शर्यतीच्या मैदानावर जाऊन तीन महिने शिक्षण घेतले. मी सोबत गेले होते, अर्थात बाहेर उभी राहायला.

मामा आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. ऐकू कमी येते, म्हणून नवी पाने त्यांना मोठ्याने वाचून दाखवावी लागतात, आणि त्यामुळे अख्ख्या गल्लीला पुढची कादंबरी आधीच माहीत असते. बसवाले निवृत्त झाले. त्यांच्या कारकिर्दीत शेवटपर्यंत कुणाला खरचटले नाही.

आणि लेक? तिने मागच्या महिन्यात शिकवण्याचे लायसन्स मिळवले. आज सकाळी ती पहिल्यांदाच माझ्या शेजारच्या सीटवर बसली, जादा पेडलांच्या मागे. चालवायला होता कॉलेजातला एक उंच मुलगा. त्याच्या मांडीवर ‘शिकाऊ’ होते. गाडी सुरू करण्यापूर्वी त्याने विचारले, “पुस्तकात आहे तसंच असतं का हे?”

“असतं,” ती म्हणाली. “मी तपासलंय.”

मित्रांनो, आता मला एवढेच मागायचे आहे. तुमच्या घरी एखादी जुनी गाडी उभी असेल, तर आठवड्यातून एकदा तरी ती सुरू करा. टायरमधली हवा बघा, ब्रेक बघा. उभे राहून आम्ही जितक्या खराब होतो, तितक्या चालून होत नाही. हँडब्रेक फक्त थांबलेली गाडी जागेवर धरून ठेवण्यासाठी असतो, मी स्वतः दीड गिरकी घेऊन हे शिकले आहे. एखाद्या पुस्तकातली गोष्ट करून बघावीशी वाटली, तर आधी घरातल्या जाणत्या माणसाला विचारा. त्याला राग येणार नाही, उलट बरे वाटेल. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी लिहायला बसलात, तर भरपूर लिहा, मनाला येईल ते लिहा. फक्त एक लक्षात ठेवा, की दूर कुठेतरी तुमच्यावर पूर्ण विश्वास टाकून एक मूल ते पान वाचत असते.